एकोणसाठावी विहीर

सिद्रामप्पांनी दाखवलेल्या जागी पाणी लागलेलं आमच्या पाथरवाडीत कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून अकरा विहिरी खणल्या गेल्या आणि अकराच्या अकरा ठणठणीत कोरड्या निघाल्या. मी म्हणतो, डोळे झाकून बोट ठेवलं तरी अकरात एखादी ओली निघावी. अप्पांचं तेही नाही. तरीसुद्धा गाव त्यांना पाणाडीच म्हणायचं, कारण दुसरं काय म्हणावं हे कुणाला सुचत नव्हतं.

त्यांची रीत ठरलेली होती. सकाळी उपाशीपोटी दारात उभं राहायचं. बायकोनं, म्हणजे गिरिजाबाईंनी, डाव्या पायावर तांब्याभर पाणी घालायचं. मग त्याच ओल्या पायानं अनवाणी शेत तुडवायचं आणि तोंडानं 'नीरू बा, नीरू बा' म्हणायचं. अप्पा मूळचे उमरग्याकडचे, घरात कानडी बोलणारे. पाण्याला ते कानडीतच 'ये' म्हणायचे. चालता चालता डाव्या तळपायाला मुंग्या आल्या की तिथंच थांबायचं आणि टाच दाबून म्हणायचं, "हितं." गिरिजाबाई म्हणायच्या, "पायावर वतते तेवढंच पानी त्या जिमिनीत जातं. वर काय येत न्हाय."

ते आमच्या गावात आले घरजावई म्हणून. सासऱ्यांची, भीमाशंकरअप्पांची, माळावरची जमीन; पाऊस पडला तर पीक, नाहीतर दगड. त्यांनी ऐकलं की उमरग्याकडच्या एका घराण्यात पाण्याची विद्या आहे, आणि त्या घरातला मुलगा हुंड्याची बात न काढता उचलून आणला. लग्नाच्या दिवशी अप्पांनी सगळ्यांदेखत नवरीला शब्द दिला, "वर्साच्या आत दारात हीर. भाईरनं घागर आणायची न्हाय." पहिली विहीर परसातच खणली. कोरडी. भीमाशंकरअप्पा गेले तेव्हा त्यांच्या तोंडात घातलेलं पाणीसुद्धा गिरिजाबाईंनी दुसऱ्याच्या विहिरीवरून आणलेलं होतं. अप्पा तेव्हा उंबऱ्यात बसून होते. त्यानंतर त्यांना एकच ध्यास राहिला, मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, पाय खरा ठरावा. हे ते स्वतःच चावडीवर सांगायचे आणि लोक हसायचे. मीही हसायचो.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव होतो. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, फॅट काढायचा आणि लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. त्या वर्षी शिव्यासुद्धा कमी झाल्या, कारण दूधच उरलं नव्हतं. जनावरांना पाणी नाही तर दूध कुठून? तेवढ्यात जिल्ह्याच्या संघानं जाहीर केलं, सभासद गावांना टँकर देणार. पण अर्ज, विनंत्या, ओळखी काही चालणार नाही. ठरवणार कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर संघात नुकताच आला होता. त्याला स्वतंत्र खोली, खोलीला एसी, आणि चपला बाहेर. गावोगावचे चेअरमन तक्रारीच्या निमित्तानं येऊन त्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे आणि गार झाले की तक्रार न सांगताच घरी जायचे. कॉम्प्युटरवर बसायचे महारुद्र साहेब. पुण्याहून शिक्षण घेऊन आलेला तरणा माणूस, स्वभावानं गरीब, पण मशीनच्या बाबतीत एकदम कट्टर.

मी आणि आमचे चेअरमन आबाराव गेलो. साहेबांनी विचारलं, गावात विहिरी किती? चाळीस. पाणी कितीत? एका विहिरीत. ती आबारावांचीच. साहेबांनी दोन आकडे आत घातले. मशीन जरा घरघरलं आणि कडेला भोकं असलेला कागद बाहेर आला.

"पाणी असलेल्या विहिरींचं प्रमाण," साहेब वाचू लागले, "उणे दोन पूर्णांक चौतीस टक्के ते सात पूर्णांक चौतीस टक्के. याला विश्वास अंतराल म्हणतात. खरं प्रमाण याच्यात कुठंतरी आहे, आणि तशी आपल्याला पंच्याण्णव टक्के खात्री आहे."

आबाराव म्हणाले, "उणे म्हंजी?"

"म्हणजे शून्याच्या खाली."

"हिरीत पानी न्हाय हे आमाला बी दिसतंय. पर न्हायच्या खाली किती हाय, हे कोण मोजून आलं?"

"ते सूत्रातून येतं," साहेब म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही."

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, चार विहिरी बघून चाळीसचा अंदाज करायचा तर हे ठीक. आम्ही चाळीसच्या चाळीस मोजल्यात. आता अंदाज कशाचा?"

साहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सचिव, प्रोग्रॅम अंदाजाचाच आहे. मोजदादीचा प्रोग्रॅम आपल्याकडे आलेला नाही."

नियम असा होता की वरची हद्द पाच टक्क्यांच्या खाली आली तरच टँकर. आमची सात होती. आबारावांनी घासाघीस सुरू केली. ते बाजारात बैल घेतानाही असेच बसायचे. "सायेब, खात्री पंच्याण्णव कशाला? शंभर टाका. आमी खोटं बोलत न्हाय."

"शंभर टक्के खात्री हवी असेल तर मशीन म्हणतं, काहीही असू शकेल."

"आन कमी टाकली तर?"

साहेबांनी पन्नास टाकून दाखवले. वरची हद्द चारवर उतरली. आबाराव उठून उभेच राहिले. "मग झालं की! पन्नास टक्के खात्री आमाला चालतीया. एरवी कुठं तेवढी बी असती?"

पण नियम पंच्याण्णवचा होता. शेवटी साहेबांनीच वाट काढली, आणि ती वाट ऐकून मी घोटभर पाणी मागितलं. एक विहीर ओली धरली आणि एकूण विहिरी एकोणसाठ झाल्या, तर वरची हद्द येते चार पूर्णांक नव्व्याण्णव. अठ्ठावन्न झाल्या तर येत नाही, पाचाच्या वर सात शतांश राहते. म्हणजे एकोणीस विहिरी कमी पडत होत्या. कोरड्या विहिरी.

"आबा," मी परत येताना एसटीत म्हटलं, "तुमची एक विहीर कोरडी म्हणून लिहिली असती तर? शून्य ते शून्य आलं असतं. खात्रीसकट."

आबारावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईविषयी बोललो होतो. त्यांच्या पोराला बघायला भूमचे पाहुणे येणार होते. आमच्याकडे पोरगा नंतर बघतात, आधी विहिरीत वाकून बघतात. "माझी हीर कोरडी म्हून लिव्हली तर पोरगं बिनलग्नाचं ऱ्हाईल. त्यापरीस एकोणीस हिरी खांदू."

आणि खरोखर खांदायचं ठरलं. रोजगार हमीवर गाव खडी फोडतच होतं, तेच हात विहिरींवर लावले. साहेबांच्या व्याख्येप्रमाणे दोन परस, म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढं, खोल गेलं की खड्डा हा विहीर होतो. आता भीती एकच होती. खणता खणता चुकून कुठं पाणी लागलं तर? दोन ओल्या झाल्या की हद्द परत आठाच्या घरात. तेव्हा जागा अशी पाहिजे होती की जिथं पाणी लागणारच नाही, खात्रीनं. चावडीवर सगळे डोकं खाजवत बसले होते, आणि मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाराव स्वतः सिद्रामप्पांच्या दारात गेले. बरोबर पानसुपारी. "अप्पा, गावाला एकोणीस जागा पायजेत. तुमच्याबिगर कोण हाय?"

अप्पांना कित्येक वर्षांत कुणी जागा विचारली नव्हती. त्यांनी धोतर झटकलं, टोपी घातली, परत काढली, परत घातली. आत जाऊन म्हणाले, "अगं ये, तांब्या आण." घरात दोन घागरी पाणी होतं, दिवसभराचं. गिरिजाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पूर्ण तांब्या त्यांच्या पायावर ओतला. खरं कारण गावात कुणीच त्या दोघांना सांगितलं नाही.

पुढचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. रोज सकाळी अप्पा पुढं आणि मागं टिकाव-घमेली घेतलेलं गाव. अप्पा 'नीरू बा' म्हणत चालायचे, थांबायचे, टाच दाबायचे. आबाराव हळूच मला विचारायचे, "नक्की मुंग्या आल्या का त्येंला? खात्री करा, बाबा." मुंग्या आल्या म्हटलं की गाव निर्धास्त होऊन खणायला लागायचं. दोन परस खाली काळा पाषाण लागायचा, सुतळीभर ओल नसायची, आणि वर टाळ्या पडायच्या. तिसरी विहीर कोरडी निघाली तेव्हा गूळ वाटला. सहावीला हलगी आणली. दहावी झाली तेव्हा आबारावांनी अप्पांच्या गळ्यात हार घातला. हार वाळलेल्या झेंडूचा होता, कारण दुसरा मिळत नव्हता.

अप्पा गोंधळून गेले. आधीच्या अकरा विहिरींच्या वेळी लोकांनी तोंडावर दार लावलं होतं, आणि आता पाणी लागत नाही तर हार? ते मला म्हणाले, "सचिव, मानसं सुधारली म्हनायची. पैल्यासारका राग करीत न्हाईत."

मी "व्हय अप्पा" म्हटलं आणि फॅटच्या बाटल्या धुवायला गेलो. त्या धुतलेल्याच होत्या.

बिंग फोडलं जाईबाईनं. खणणाऱ्यांच्या टोळीची ती म्होरकी, तोंडाची फटकळ आणि मनाची साफ. अठरावी विहीर कोरडी निघाली तेव्हा ती घमेलं टाकून खड्ड्याबाहेर आली आणि कौतुकानंच म्हणाली, "अप्पा, तुमच्यावानी पाय साऱ्या मुलखात न्हाय. अठरा हिरी, पर येक बी वली न्हाय निघाली! आता येक झाली की टँकर आला म्हना."

"टँकर? कसला टँकर?"

तिला वाटलं, त्यांना माहीत आहे. तिनं सगळं सांगितलं. अप्पा ऐकत राहिले. मग त्यांनी गळ्यातला हार काढला, नीट घडी केल्यासारखा हातात धरला आणि घराकडे निघाले. त्या माणसाला भर उन्हात तसं जाताना बघून मला रडू आलं, आणि आमच्या सगळ्यांचा, साहेबांच्या मशीनसकट, भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते, आणि एक विहीर बाकी होती. पहाटेच आबाराव अप्पांच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले. अप्पा म्हणाले, "कुटं बी खांदा. पानी न्हाय लागायचं. म्या कशाला पायजे?"

"तुमच्या पायाबिगर भरवसा न्हाय, अप्पा."

आतून गिरिजाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात तांब्या होता. "जावा," त्या म्हणाल्या. "ह्येंच्यासाटी नगं. माज्यासाटी जागा बगा. एक डाव."

"तुझ्यासाटी बगितलीच की पैली."

"तवा तुमी माज्या बापासाटी बगितली व्हती."

त्यांनी पाणी ओतलं. अप्पा त्या दिवशी लांब गेलेच नाहीत. घराला वळसा घातला, परसात पहिल्या कोरड्या विहिरीच्या कडेनं गेले, थोडं पुढं, थोडं मागं, आणि गोठ्याच्या भिंतीजवळ थांबले. 'नीरू बा' सुद्धा म्हणाले नाहीत. टाच दाबून उभे राहिले. "हितं."

गाव खूश झालं. जुन्या कोरड्या विहिरीपासून वीस पावलांवर कुठलं आलंय पाणी? अख्खी टोळी तुटून पडली. जागा मुरमाची होती, हात भराभर चालले. ऊन कलेपर्यंत दोन परस झालं, आणि जाईबाईचा टिकाव बसला तिथून पाणी आलं. पाझर नव्हे, झरा. मनगटाएवढा. जाईबाई "आगं बया!" म्हणून वर चढेपर्यंत तिचे घोटे बुडाले होते.

कुणी टाळी वाजवली नाही. हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. चाळीस-पन्नास माणसं खड्ड्याभोवती उभी होती, आणि दुष्काळात वर येणाऱ्या पाण्याकडे अशी बघत होती, जणू घरात साप निघालाय. आबाराव पहिल्यांदा बोलले. "बुडालो!"

अप्पा काठावर बसले होते. ते पाण्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. डावा पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"आबा, पाणी लागलंय," मी म्हटलं. "टँकर कशाला पाहिजे आता?"

"हिरीचं पानी आटतं, सचिव. टँकर आटत न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. शेजारच्या ईट गावाला टँकर आला होता, तिथं बायका त्याला कुंकू लावत होत्या. टँकरपुढं झऱ्याची काय किंमत? बुजवायला वेळ नव्हता आणि दुसरी खणायलाही नव्हता. खड्ड्यावर पत्रे टाकले, पत्र्यांवर बाभळीच्या फांद्या.

तेवढ्यात साहेबांची जीप आलीच. त्यांनी अठरा विहिरी पाहिल्या, प्रत्येक ठिकाणी समाधानानं मान हलवली. मग परसात आले. फांद्यांकडे पाहिलं, लोकांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं, आणि पत्रा जरा सरकवला. आत आभाळ दिसत होतं. साहेब बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी पत्रा पुन्हा होता तसा केला. चार पूर्णांक नव्व्याण्णवचा अहवाल त्यांनी आधीच वर पाठवला होता, हे मला नंतर कळलं.

"मी पाहणं पुरेसं नाही," ते घाम पुसत म्हणाले. "मशीनला हो किंवा नाही लागतं. गावानं अधिकृत सांगायचं. ही जागा कोणी दाखवली?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही सांगा. या विहिरीत पाणी आहे की नाही?"

मी मनात म्हणत होतो, अप्पा, हो म्हणा. खड्ड्यात गेला टँकर. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते पत्र्याखाली आहे, हो म्हणा. अप्पांनी गिरिजाबाईंकडे पाहिलं. मग जाईबाईकडे, मग त्या सगळ्या टिकाव-घमेल्यांकडे. रिकाम्या घागरी घेऊन पोरीबाळी कुंपणाशी उभ्या होत्या, त्यांच्याकडेही पाहिलं. मग उठून उभे राहिले.

"न्हाय," ते म्हणाले. "पानी न्हाय. म्या दावलेल्या जागी कवा लागलंय का, सायेब? कुनालाबी इचारा."

साहेबांनी लिहून घेतलं. गावानं सुटकेचा श्वास टाकला. गिरिजाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आठवड्यानं टँकर आला. लोकांनी त्याला नारळ फोडला. फक्त टँकर रिकामा होता. संघानं पाणी भरायचं ठिकाण ठरवलं होतं तेरजवळ, नदीकाठच्या एका विहिरीवर, म्हणजे अर्धा जिल्हा ओलांडून. ड्रायव्हर बिराप्पा खाली उतरला, रस्त्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि लघवीला म्हणून अप्पांच्या परसाकडे गेला. परत आला तो हसतच. "येड्या मानसांनो, हितं झरा वाहतोय आन मला तेरला धाडताव व्हय?"

त्यानं पत्रे काढले, पाईप सोडला, मोटार लावली. टँकर भरला. मग त्यानं गाडी परसातून काढून चावडीपुढं नेऊन उभी केली, आणि कागदावर तेरची खेप लिहिली. सारं गाव घागरी घेऊन रांगेत उभं राहिलं. उन्हाळाभर रोज हेच चाललं. झरा काही आटला नाही. आबारावांच्या विहिरीत वाकून बघून भूमचे पाहुणेही खूश होऊन गेले.

त्या पहिल्या दिवशी रांगेत गिरिजाबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. खरं तर त्यांना यायची गरज नव्हती, पाणी त्यांच्या परसातलं होतं. तरी त्या डोक्यावर घागर घेऊन आल्या. घागर भरायच्या आधी त्यांनी नळाखाली ओंजळ धरली, पोटभर पाणी प्यायल्या आणि ओल्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टँकरचं पानी लई गोड हाय वो."

रांगेत कुणी कुणाकडे बघेना.

अप्पा चावडीच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी डावा पाय खाली सोडला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "व्हय. पार तेरवरनं आनत्यात."